यादीत नसलेल्या आडाचं शेवाळ

मला एका माकडाचा हेवा वाटत असे. हे वाक्य कागदावर उतरायला मला बरीच वर्षं लागली, आणि तेही अर्धंच खरं आहे. माकडाचं चित्र हातात धरून जो माणूस उभा राहायचा, त्याचा हेवा जास्त होता. पण माकडापासून सुरुवात केलेली बरी. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

ते माकड आपल्याकडचं नव्हे. आमच्या परभणी जिल्ह्यात वानरांना तोटा नाही. हरभरा घाट्यावर आला की टोळीच्या टोळी उतरते आणि माणसं डबे बडवत मागं पळतात. हे माकड दूर दक्षिणेतल्या घाटात, बारा महिने ओल्या राहणाऱ्या जंगलात राहतं. अंग काळं कुळकुळीत, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जंगल तुटत चाललं तसं ते कमी होत चाललं होतं. मी गंगाखेडला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. तिथंच प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने विद्यार्थी असताना, सहलीत, ते माकड पाहिलं होतं. एकदाच. उंच झाडावर, पाचेक मिनिटं. त्या पाच मिनिटांवर हा माणूस जन्म काढणार, असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

माझ्याकडे शेवाळ होतं.

शेवाळ म्हटलं की लोकांना हौदावरचा हिरवा चिकटा आठवतो, पाय घसरवणारा. माझं ते नव्हे. माझं मखमलीसारखं, नखाएवढ्या उंचीचं, भिंगातून पाहिलं तर खोड आणि पानं असलेलं रीतसर झाड होतं. सोनपेठकडे, गोदावरीच्या अंगाला माझं गाव. गावात जुनी दगडी बारव आहे. तिच्या उत्तरेकडच्या भिंतीतून पाझर येतो आणि त्या पाझरावर ते होतं, सगळं मिळून एका ओंजळीत मावेल एवढं. आमच्या कोरड्या काळ्या मुलखात ते असण्याचं काही कारण नव्हतं. मी थोडं कागदात घालून दूरच्या एका जाणकारांकडे पाठवलं. म्हातारे गृहस्थ, उभा जन्म शेवाळात गेलेला. त्यांचं कार्ड आलं. या पठारावर असं मी पाहिलेलं नाही, जपा, फार ठिकाणी उरलेलं नसावं. पण बोंडाशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, बोंड पाठवा.

इथंच माझं घोडं अडलं. या शेवाळाला केसासारख्या दांड्यावर मोहरीपेक्षा बारीक बोंड धरतं. त्यात पुढच्या पिढीची धूळ असते. पण बोंड धरायला नर आणि मादी दोन्ही जवळ लागतात, आणि नराची पेशी मादीपर्यंत पाण्यातून पोहत जाते. मधे बोटभर दगड कोरडा पडला की संपलं. माझ्या बारवेतलं सगळं शेवाळ मादी होतं. कुठंतरी नर असणार म्हणून मी गावातल्या सगळ्या विहिरींची यादी केली. अकरा भरल्या. एकेका विहिरीत कमरेला दोर बांधून उतरलो, भिंतीवरून हात फिरवले. काही नाही. वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘गावातील सर्व विहिरी तपासल्या.’ त्यानंतरही दर हिवाळ्यात बारवेत जाऊन बसायचो. अशी सहा वर्षं गेली.

आणि हा आपला माकडाचं चित्र गुंडाळून काखेत मारून फिरायचा.

ते चित्र गंगाखेडच्या एका पेंटरनं काढून दिलं होतं. पेंटर देवळांच्या भिंती रंगवणारा, त्यामुळे माकडाच्या डोळ्यांत मारुतीची करुणा आपोआप उतरलेली. पोटाशी पिल्लू. एका गावी कार्यक्रम झाल्यावर बाया पुढं आल्या आणि चित्राला कुंकू लावून गेल्या. त्याने ते पुसलं नाही. मी त्याच कार्यक्रमात ताटलीतून माझं शेवाळ नेलं होतं, लोकांनी जवळून बघावं म्हणून. परत येताना बघतो तर कुणीतरी त्यात विडी विझवलेली.

त्याच्याविषयी सांगायला हवं, आणि नीट सांगायला हवं. तो माझ्याच वयाचा, माझ्या मागून वर्षभरानं लागलेला. गंगाखेडला त्याला खोली मिळायला तीन महिने लागले. का लागले ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही, मीही नाही. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला कोणाचं नाव द्यायचं, यावरून सबंध मराठवाडा दोन बाजूंना बसला होता. आमच्या स्टाफरूममधली टेबलंही तशीच दोन बाजूंना सरकलेली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याच्या गावची वस्ती जळाली तेव्हा तो परभणीला वसतिगृहात होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, सोनपेठच्या एसटीत, तिकीट काढता काढता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “खिडकी लावा सर, धूळ यायलीय.”

पोरं त्याच्याभोवती जमायची. त्याच्या तासाला बाहेरची पोरं येऊन मागं उभी राहायची. मला पोरांनी ‘शेवाळ सर’ असं नाव ठेवलं होतं. त्याला कुणी नाव ठेवलं नाही. तो नुसता ‘सर’ होता. माझ्या मनात जे काही पुढं साचत गेलं, त्याची एवढीच कारणं होती, आणि ती लिहिताना मला लाज वाटते, इतकी ती लहान आहेत.

त्याच्या मनात असं काही नव्हतं. एकदा प्रयोगशाळेत माझ्या शेजारी येऊन बसला. माझं सगळं ऐकून घेतलं, बोंडाचं, पाझराचं, कोरड्या दगडाचं. म्हणाला, “सर, आपल्या दोघांचं दुखणं एकच हाय की. पुढल्या शिबिरात दोघं मिळून बोलू. माकड आणि शेवाळ.”

“माकडासमोर शेवाळाकडं कोण बघतं?” मी म्हणालो.

“बघतेत. बघायला लावू.”

मला ती कीव वाटली.

पुढचं शिबिर माझ्याच गावी झालं. जानेवारीतलं, दहा दिवसांचं श्रमदान. पोरांचा मुक्काम शाळेत, शिबिरप्रमुख तो, आणि मी गावचा म्हणून सगळ्या सोयी बघणारा. पहिल्याच दिवशी मी त्याला घरी चहाला नेलं. आमचं घर वरच्या आळीत. तो ओट्यावर बसला, माय दारातून दिसणाऱ्या चुलीपुढं होती. तिनं त्याला माकडाचं विचारलं, त्याने सांगितलं. पिल्लू सहा-सात वर्षांतून कधी एक-दोनदाच होतं, आई त्याला किती दिवस सोडत नाही, हे ऐकताना तिनं पदर डोळ्याला लावला.

“आन् मधी रान तुटल्यावर ती माय लेकराला घिऊन कुठं जाती रे बापा?”

“कुठंच न्हाई जात, माय. तिथंच राहाती.”

सहा वर्षांत माझ्या शेवाळाविषयी तिनं मला एकच प्रश्न विचारला होता. “ते खायला यीतं का?”

तो गेल्यावर मायनं त्याचा कप उचलून वेगळा धुतला आणि वेगळ्या कोनाड्यात ठेवला. मी पाहिलं. तो वळणावरून मागं बघत होता, त्यानेही पाहिलं असेल. मी मायला काही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं होतं.

संध्याकाळी पारावर कार्यक्रम झाला. आधी मी बोललो, वीस-पंचवीस मिनिटं. लोक आपसात बोलत होते. मग त्याने चित्र उलगडलं आणि पारावरचे लोक गप्प झाले. एक जण म्हणाला, “सर, तिकडले कमी झाले असतील तर आमच्याकडले घिऊन जा की ट्रकभर! हरभरा ठिवंनात.” लोक हसले, तोही हसला. म्हणाला, “तुमच्याकडल्यांना जमीन ठाऊक हाय, काका. त्येंना हरभरा बी ठाऊक हाय. त्या माकडाला जमीन ठाऊकच न्हाई. झाडावरून झाडावर. मधी रस्ता झाला, चहाचा मळा झाला, का ते तिथंच थांबतं. पल्याडली टोळी दिसती, आवाज यीतो, पर जाता यीत न्हाई. दोन्हीकडचे तसेच सरत जातेत.” मग माझ्याकडे हात केला. “सरांच्या शेवाळाचं बी तेच. नर इकडं, मादी तिकडं, मधी बोटभर दगूड कोरडा. माकडाला फांदी पायजे, शेवाळाला थेंब पायजे. बाकी फरक काय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “हां, आता कळलं.”

सहा वर्षांत मला जे सांगता आलं नव्हतं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. तेही बरोबर सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या, आणि घरी जाऊन न जेवता झोपलो.

शिबिराचं मुख्य काम खालच्या वस्तीतल्या आडाची दुरुस्ती हे होतं. आडाचे वरचे दगड सुटले होते आणि पाणी भरायच्या बाजूला इतकं निसरडं झालं होतं की एक पोरगी घसरून आत पडता पडता वाचली होती. पोरं तिथं काम करायची. मी वरच्या आळीत शाळेभोवती खड्डे खणून घेत होतो. ही वाटणी मीच केली होती.

चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. कपाळावर चुना, हाताला माती.

“सर, बघा बरं. तुमचंच लेकरू हाय का हे?”

मी घडी उघडली, भिंग काढलं. तीच पानं, तोच हिरवा. आणि त्यावर केसासारखे तांबूस दांडे, प्रत्येकाच्या टोकाला बोंड. एक, दोन, दहा. काही फुटायला आलेली. मला आजही ते तसंच्या तसं दिसतं.

“कुठं होतं?”

“आडाला. पाणी भरायच्या बाजूला, आतून. दिसभर बायांच्या घागरीतून पाणी सांडतं ना, तिथं. पाणी प्यायला वाकलो तर दिसलं.”

गावात वस्तीचा आड आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. माझ्या अकरा विहिरींत तो नव्हता, एवढंच. मी तो गाळला नव्हता. तो मोजावा असं मला सुचलंच नव्हतं. ‘गावातील सर्व’ असं लिहिताना माझा हात अडखळला नाही. जिथं बारमाही थेंब होता, जिथं नर आणि मादी शेजारी शेजारी होते, ते ठिकाण आमच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर होतं. नुसतं पाणी प्यायला वाकायचं होतं, आणि मी अकरा विहिरींत दोर बांधून उतरलो होतो.

हे सगळं आत्ता लिहितोय. त्या वेळी मनात एकच आलं. हेही यालाच मिळालं.

“न्हाई,” मी म्हणालो. “हे साधं. कुठंबी असतं.”

“बोंडं दिसायलीत की.”

“साध्याला बी येतात.”

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “परवा पोरं घासून घेतील तिथलं. वरून सिमेंट. पर तुमचं असंल तर सांगा बरं का. भरायची जागा पल्याड सरकवू, ही बाजू तशीच ठिवू. बाया ऐकतेत माझं.”

“न्हाई न्हाई. खुशाल घासा.”

“घ्या मग हे. तुमाला पोरांना दाखवायला हुईल.” घडी माझ्या हातात ठेवून तो गेला.

माझा डाव साधा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं, चाकूनं मातीसकट एक तुकडा उचलायचा, बारवेतल्या पाझरावर नेऊन लावायचा. पुढच्या हिवाळ्यात तिथं बोंड धरेल. मग म्हाताऱ्या जाणकारांना कळवायचं, माझ्या बारवेतून. त्यात त्याचं नाव येणार नव्हतं, आडाचंही नाही.

फटफटायच्या आधी निघालो. थंडी होती म्हणून डोक्याला माकडटोपी, अंगावर घोंगडी. हातात चाकू आणि पत्र्याची डबी. आडावर कुणी नव्हतं. मी भरायच्या बाजूला गुडघ्यावर बसलो, आत वाकलो, हात लांब केला. बोटांना ते मऊ लागलं.

“कोन हाय रे?”

मागं एक म्हातारी उभी होती, कमरेवर घागर. तिनं काय पाहिलं ते मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. त्या वर्षांतली पहाट, वरच्या आळीकडून आलेला तोंड झाकलेला माणूस, आडात वाकलेला, हातात डबी.

“काय टाकलंस रे? पान्यात काय टाकलंस?”

मी टोपी काढून नाव सांगायला हवं होतं. “मावशी, मी अमक्याचा, शेवाळ घ्यायला आलो” एवढंच. मी पळालो. मागं तिची हाक ऐकू येत होती, मग आणखी हाका. पळताना डबी ओढ्यात फेकली. ती रिकामीच होती.

सकाळी तो माझ्या घरी आला. पहिल्या दिवशी चहा प्यायला होता त्याच ओट्यावर, पण बसला नाही.

“सर, कुणीतरी पहाटे आडात काहीतरी टाकलंय. म्हातारीनं बघितलं. लेकराबाळांनी पानी पिलं न्हाई सकाळपास्नं. तुमच्या वरल्या आळीतलं कुणी असंल का? तुमाला कळंल. तुमच्यासमोर बोलतील.”

“इचारतो,” मी म्हणालो.

“इचारा. इमानदारीनं इचारा सर. लोक लय भ्यालेत.”

मी विचारलं नाही. कुणाला विचारणार? त्या दिवशी पोरांनी आणि वस्तीतल्या माणसांनी सगळा आड उपसला. पाणी रस्त्यानं वाहत ओढ्यापर्यंत गेलं. मग खालपर्यंत उतरून तारेच्या ब्रशनं चारी बाजू घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकली, दगड न दगड सिमेंटनं लिंपला. आधी फक्त भरायची बाजू घासायची होती. आता कुणाला कुठलाच हिरवा डाग नको होता. वरून लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलं.

दुपारपर्यंत ब्रशचा आवाज येत होता. शाळेपासून वस्तीपर्यंत जायला दोन मिनिटं लागतात. थांबवा, ते मी होतो, असं म्हणायला तेवढंच चालावं लागलं असतं. मी खड्डे मोजत राहिलो. पुढचे आठ दिवस दोन्ही आळ्यांत कुणी कुणाकडं सरळ बघत नव्हतं. वस्तीतली माणसं आमच्याकडे ज्वारी काढायला आली नाहीत. चुलते म्हणाले, “माजलेत.” मी ताटातलं जेवत राहिलो.

दोन वर्षांनी पाऊस दगा देऊन गेला आणि बारवेतला पाझर आटला. माझी ओंजळभर मादी आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग दगडावर तिची नुसती डागासारखी खूण राहिली. आता बोंडं फक्त वर्तमानपत्राच्या त्या घडीत होती, माझ्या ट्रंकेत, स्वेटरच्या खाली. ती मी जाणकारांना पाठवली नाही. नमुन्यासोबत चिठ्ठी लागते: कुठं मिळालं, कुणी गोळा केलं. खरं लिहिलं असतं तर ते छापून आलं असतं आणि त्याने वाचलं असतं. खोटं लिहायची माझी तयारी होती, मी तीनदा खोटी चिठ्ठी लिहिलीसुद्धा. ‘बारव, उत्तर भिंत.’ तिन्ही वेळा फाडली. हा काही चांगुलपणा नव्हता. आपण पकडले जाऊ, एवढीच भीती.

त्याचं माकड चालूच होतं. दर हिवाळ्यात नवी गावं. रंग उडालेल्या चित्राला पेंटरनं पुन्हा रंग दिला. तो अजून मला म्हणायचा, “सर, चला की संगं, शेवाळाचं सांगू.” मी गुडघे दुखतात असं सांगायचो. आणि महाविद्यालयात त्याच्या तासाला मागं उभं राहून ऐकणाऱ्या पोरांकडे बघताना, इतकं सगळं करूनही, मला त्याचा हेवा वाटायचाच. माझी समजूत होती की अपराध केल्यावर हेवा तरी मरत असेल. तो मरत नाही. त्याला खायला आणखी मिळतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. म्हणजे जुन्याला नवं जोडून मोठं केलं. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आला. एकेका टेबलापाशी गेला. काहींनी घेतला, काहींना नेमकं त्या वेळी वर्गावर जायचं होतं. माझ्यापुढं खोका धरून म्हणाला, “घ्या सर, दोन घ्या. तुमी कधी वाकडं बोलला न्हाईत आमाला.”

मी एकच घेतला. मी वाकडं बोललो नव्हतो, हे खरंच होतं.

रविवारी ती घडी घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. मी घडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आधी शेवाळाचं. हे तेच होतं, मी खोटं बोललो. मग पहाटेचं. मला वाटलं होतं तो घडी उघडेल, बोंडं बघेल, रागावेल. त्याने घडीला हात लावला नाही.

“आडावर तुमी होता?”

“हो.”

“आमी ओढ्याच्या पल्याडपर्यंत हुडकलं. डबी घावली. दवाखान्यात नेली, तपासायला.” तो उठून खिडकीशी गेला. “ती म्हातारी त्या दिसापसून वर्षभर फाटंच्याला आडावर बसून राहायची. जाळी लावली व्हती तरी. थंडीत, पावसात. म्या कितींदा म्हन्लं, मावशी घरी जा. म्हनायची, म्या एकदा पळू दिला त्याला.”

मी काहीतरी माफीचं बोललो.

“मला कामून सांगायला लागलाव?” तो म्हणाला. “मला शेवाळाचं सांगा. पहाटेचं तिला सांगा.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सोनपेठची एसटी धरून गावी गेलो. रस्त्यात धूळ आली तेव्हा खिडकी मीच लावली. वस्तीत आडाशेजारी आता हातपंप आला होता. आडाच्या जाळीला गंज चढलेला, कुलूप तसंच. म्हातारी हयात होती. पंपाजवळच्या दगडावर उन्हाला बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. त्याचा आवाज ओळखून म्हणाली, “आला का रे माकडवाल्या? लय दिसानं.” मग माझ्याकडे हात करून, “हे कोन?”

मी सांगितलं. कुणाचा, कुठल्या घरातला. मग बाकीचं. एका दमात सांगितलं नाही, दोनदा थांबलो. पंपावर आलेल्या बाया घागरी ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. मी तिला मावशी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं उन्हाला हात आडवा धरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “शेवाळासाटी?”

“हो.”

“त्या हिरव्या शेवाळासाटी?” ती हसेल असं मला वाटलं, बायांतल्या दोघी-तिघी हसल्याही. ती हसली नाही. “मालक, मग हाक मारायची. दारात येऊन मागायचं. आमी काय दिलं नसतं व्हय? शेवाळ तर व्हतं.” मग, माझ्याकडे नाही, समोर बघत, “आन् म्या सुनंला म्हनायचे, नातवाला पान्याला हात लावू दिऊ नको. वर्सभर म्हनायचे.”

बाया घागरी उचलून गेल्या. कुणीतरी आम्हाला पाणी आणून दिलं. मी प्यालो.

निघताना त्याचं लक्ष हातपंपाच्या कट्ट्याकडे गेलं. पंपातून सांडलेलं पाणी एका बाजूला वाहत होतं आणि तिथं, सिमेंटच्या कडेला, दोन बोटं रुंदीची हिरवी पट्टी धरली होती. तो वाकला. मग माझ्याकडे बघितलं.

“तेच हाय का?”

मी गुडघ्यावर बसलो. भिंग काढलं. मला ते तेच हवं होतं. इतकं हवं होतं की पहिल्यांदा पाहताना मला ते तेच दिसलं. मग नीट पाहिलं. पानांची टोकं वेगळी, शीर अर्ध्यातच संपणारी. बोंडं होती, भरपूर होती, पण ठेंगणी, दुसऱ्याच घडणीची. हे खरंच साधं होतं. कुठंही असतं ते.

“न्हाई,” मी म्हणालो. “हे साधं हाय.”

तो उन्हात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मागं खोटं बोलताना मी हाच शब्द वापरला होता, आणि आता खरं सांगायलाही तोच होता. त्याने हात पुढं केला, माझ्या हातातलं भिंग घेतलं, आणि माझ्या शेजारी ओल्यात गुडघे टेकून स्वतः बघायला वाकला.